वसंतराव नाईक : ११ वर्षे ७७ दिवसांचे मुख्यमंत्री



आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पुस्तकं वाटून होत नाहीत तोच १ जुलै येतो, म्हणजे कृषी दिन. वसंतराव नाईकांच्या प्रतिमेला हार घालायचा, चार रोपं लावायची आणि एखाद्या विद्यार्थ्याने भाषण करायचं. त्या भाषणात एक वाक्य हमखास असतं, की वसंतराव नाईक हे महाराष्ट्राचे सर्वाधिक काळ मुख्यमंत्री होते. शिष्यवृत्तीच्या तयारीतही हा प्रश्न असतो आणि मुलं एका शब्दात उत्तर लिहून मोकळी होतात.

पण एखाद्या चौकस मुलाने विचारलं, की सर, इतकी वर्षं राहिले म्हणजे नेमकं काय झालं? जास्त दिवस खुर्चीवर बसणं ही मोठी गोष्ट आहे का? तर आपण काय सांगाल? आजचा पाठ याच प्रश्नासाठी आहे. भाषणाला उपयोगी पडेलच, पण त्याआधी आपण मोठ्यांनी एकदा नीट वाचून घ्यावा असा आहे.

आधी थोडं नागरिकशास्त्र

मुख्यमंत्र्यांची मुदत किती, असं वर्गात विचारून बघा. बहुतेक मुलं पाच वर्षे म्हणतील. पुष्कळ पालकही तेच म्हणतील. राज्यघटनेत पाच वर्षांची मुदत आहे ती विधानसभेची. मुख्यमंत्र्यांना अशी ठरावीक मुदत नाही. विधानसभेतल्या बहुमताचा पाठिंबा असेल तोवर ते पदावर राहतात. पाठिंबा गेला की दुसऱ्या दिवशीही जावं लागतं, आणि पाठिंबा टिकला तर कितीही वर्षे राहता येतं. म्हणूनच पश्चिम बंगालमध्ये ज्योती बसू १९७७ ते २०००, अशी २३ वर्षे मुख्यमंत्री होते आणि सिक्कीममध्ये पवनकुमार चामलिंग १९९४ ते २०१९, म्हणजे २४ वर्षांहून जास्त.

आपल्या राज्यात मात्र खुर्ची फार वेळा हलली. नाईकांच्या आधी बाळासाहेब सावंत हंगामी मुख्यमंत्री होते, ते जेमतेम दहा दिवस. नाईक गेल्यानंतरच्या अकरा-सव्वाअकरा वर्षांत मुख्यमंत्रिपद आठ वेळा एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेलं. शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार, अ. र. अंतुले, बाबासाहेब भोसले, पुन्हा वसंतदादा, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि पुन्हा शंकरराव. मध्ये १९८० साली काही महिने राष्ट्रपती राजवटही लागली. नाईकांनंतर एका विधानसभेची पाचही वर्षे सलग मुख्यमंत्री राहिलेले नाव येतं ते देवेंद्र फडणवीसांचं, २०१४ ते २०१९. मधली चाळीसहून अधिक वर्षे ते कोणालाच जमलं नव्हतं. यावरून लक्षात येईल की अकरा वर्षे सलग राहणं किती अवघड होतं.

तांड्यावरचा मुलगा

आपल्या मेहकर-लोणारच्या पुढे वाशीम जिल्हा लागतो आणि वाशीमच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातला पुसद तालुका. तिथल्या गहुली या बंजारा तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला. वडील फुलसिंग, आई हुणाबाई. घराण्याचं मूळ आडनाव राठोड. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात आणि तो मान या घरात होता, म्हणून नाईक हेच आडनाव रूढ झालं.

तांड्यावर शाळा नव्हती. आजूबाजूच्या वेगवेगळ्या गावांत राहून त्यांचं प्राथमिक शिक्षण झालं. पुढचं शिक्षण नागपुरात, नील सिटी हायस्कूल आणि मग मॉरिस कॉलेजमध्ये. १९४० मध्ये ते वकील झाले. त्या काळात बंजारा समाजातला मुलगा वकील होणं ही केवढी गोष्ट होती, ते आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर शिकवणाऱ्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. ऊसतोडीला आणि कामाला आईबापांबरोबर निघालेली मुलं शाळेत टिकवताना आजही किती दमछाक होते!

वकिलीची सुरुवात त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली केली आणि मग पुसदला बस्तान बसवलं. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगी ब्राह्मण, मुलगा बंजारा. दोन्हीकडून विरोध झाला, समाजाचा रोषही पत्करावा लागला. पण दोघेही ठाम राहिले.

१९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये आमदार. हे आमदारपद कोणत्या राज्याचं होतं, हा मुलांना विचारण्यासारखा प्रश्न आहे. उत्तर आहे मध्य प्रदेश! तेव्हा आपला बुलढाणा, अकोला, यवतमाळ हा सगळा वऱ्हाड मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. तिथे ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नाईक मंत्री म्हणून मुंबईत आले. मलबार हिलवरच्या आपल्या बंगल्याला त्यांनी नाव दिलं वर्षा. शेतकऱ्याचं सगळं ज्यावर अवलंबून, तो पाऊस. मुख्यमंत्री झाल्यावरही ते त्याच बंगल्यात राहिले आणि पुढे तेच मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान ठरलं. आज बातम्यांमध्ये वर्षावर बैठक असं ऐकू येतं ना, ते नाव तिथून आलं.

आपल्या शाळेवरची पाटी

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि नाईक महसूलमंत्री. ग्रामीण भागाचा कारभार कोणाच्या हाती द्यावा हे ठरवण्यासाठी त्याच वर्षी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक. देशपातळीवरच्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने १९६१ च्या अहवालात जिल्हा हाच कारभाराचा मुख्य घटक धरला. त्यावर कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या.

आता आपल्या शाळेच्या पाटीकडे बघा. जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, पंचायत समिती अमुक, जि. बुलढाणा. ही पाटी त्या अहवालातून आलेली आहे. आपल्या तेराही तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शिक्षकांची बदली, पगार, शाळेची खोली, सगळं याच रचनेतून चालतं. आणि एक लक्षात घ्या, तेव्हा नाईक मुख्यमंत्री नव्हते. म्हणजे मोठं काम करायला मोठं पद असावंच लागतं असं नाही.

खुर्ची कशी मिळाली आणि कशी टिकली

१९६२ मध्ये चीनचं युद्ध झालं आणि यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जावं लागलं. त्यांच्या जागी चंद्रपूरकडचे मारोतराव कन्नमवार आले. एका वर्षातच, २४ नोव्हेंबर १९६३ ला, पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. दहा दिवस सावंतांनी कारभार सांभाळला आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईकांनी शपथ घेतली. वय ५० वर्षे.

मग ते टिकले कसे? पहिलं कारण, विधानसभेतलं बळ. १९६७ च्या निवडणुकीत २७० पैकी २०३ आणि १९७२ मध्ये २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या. दुसरं, दिल्लीत यशवंतरावांचा आधार होता. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हाही राज्यातला पक्ष बहुतांश एकत्र राहिला. तिसरं कारण त्यांचा स्वभाव. माणूस शांत, ऐकून घेणारा आणि कोणाशी कायमचं वैर न धरणारा. पण एवढ्यावर थांबलो तर ती फक्त राजकारणाची गोष्ट होईल. आपल्याला बघायचं आहे ते मिळालेल्या वेळेत त्यांनी काय केलं हे.

पेरणारा आणि कापणारा एकच

शेतीतली कामं एका हंगामात फळत नाहीत. नवं बियाणं संशोधन केंद्रावर तयार होतं, मग प्रात्यक्षिकाला जातं, मग एखादा धाडसी शेतकरी घेतो आणि त्याचं बघून बाकीचे. यात पाच-सात वर्षे सहज जातात. दर दोन वर्षांनी सरकारचा मुख्य माणूस बदलला तर पहिल्याने सुरू केलेलं काम दुसरा बाजूला ठेवतो.

नाईकांना इथे वेळेचा फायदा झाला. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचं पहिलं वाण, सीएसएच-१, आलं. नाईकांनी संकरित बियाण्याचा आग्रह इतका धरला की खेड्यापाड्यांत हायब्रीड हा शब्द ज्वारीचंच नाव होऊन बसला. गावठी ज्वारी वेगळी आणि हायब्रीड वेगळी, असं जुने लोक अजून बोलतात. उत्पादन वाढलं हे खरं. तक्रारीही होत्या. भाकरीला ती चव नाही, कडबा कमी, आणि काढणीच्या वेळी पाऊस आला की कणीस काळं पडतं. या तक्रारींवर उत्तर शोधायला संशोधन हवं आणि संशोधनाला संस्था हव्यात. त्यांच्याच काळात राहुरीला १९६८ मध्ये, अकोल्याला १९६९ मध्ये आणि परभणी व दापोलीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठं उभी राहिली. अकोल्याचं विद्यापीठ आपल्या बुलढाणा जिल्ह्याचंही. ज्यांच्या हाताखाली नाईकांनी वकिली सुरू केली, त्या पंजाबरावांचं नाव त्या विद्यापीठाला आहे.

आता त्या प्रसिद्ध घोषणेबद्दल. १९६५ च्या सुमाराचे दिवस, धान्याची टंचाई आणि रेशनवर परदेशी गहू. पुण्यात शनिवारवाड्यापुढच्या सभेत नाईकांनी जाहीर केलं, की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फाशी द्यावी. १ जुलैच्या भाषणांमध्ये हा प्रसंग मोठ्या आवाजात सांगितला जातो आणि तिथेच टाळ्या पडतात. पण मुलांना पुढचंही सांगा. दोन वर्षांत महाराष्ट्र काही स्वयंपूर्ण झाला नाही. घोषणा फसली, काम मात्र पुढे चालू राहिलं. आणि जास्त वर्षे राहिल्यामुळे आपल्या घोषणेचा हिशेब द्यायला तेच खुर्चीवर होते.

बहात्तरचा दुष्काळ

हा हिशेब फार कडक पद्धतीने मागितला गेला. १९७० पासून पाऊस कमी होत गेला आणि १९७२ मध्ये राज्याच्या मोठ्या भागात जवळजवळ पडलाच नाही. मराठवाडा, नगर, सोलापूर, पुणे, सांगली या भागांत तर हाहाकार झाला. नाईकांच्या कारकिर्दीचं हे नववं वर्ष. आधीच्या सरकारने काही केलं नाही, असं म्हणायची सोयच नव्हती, कारण आधीचं सरकारही त्यांचंच!

सरकारने गावोगाव दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची आणि कामावर सुकडी. लोकांचे हाल झाले, जनावरं मेली, गावं ओस पडली. शहरात महागाईविरुद्ध बाया लाटणी घेऊन मोर्चाने निघाल्या आणि त्यात मृणाल गोरे पुढे होत्या. पण इतक्या मोठ्या दुष्काळातही भुकेने माणसं मोठ्या संख्येने मेली नाहीत. इंग्रजांच्या राजवटीतल्या दुष्काळांशी तुलना केली की याचं महत्त्व कळतं.

याच दिवसांत रोजगार हमी योजना राज्यभर आली. मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला होता. सात वर्षांनी दुष्काळ आला तेव्हा ती कल्पना हाताशी तयार होती. तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ मध्ये देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याची वाट महाराष्ट्राने दाखवली होती.

या योजनेचा एक धागा आपल्या खिशापर्यंत येतो बरं का! पगारपत्रक काढून बघा. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल. हा कर १९७५ मध्ये सुरू झाला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. त्याची वसुली सुरू झाली तेव्हा नाईक पायउतार झालेले होते. शहरातल्या नोकरदाराने कर भरायचा आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं, असा तो विचार. कपातीबद्दल आपण सगळेच कुरकुरतो, पण तिचा हा इतिहास माहीत असलेला बरा.

दुसरी बाजूही सांगा

थोर माणसाचं चरित्र सांगताना आपण शिक्षक मंडळी फक्त गोड गोड सांगतो. मग मुलं दहावीत गेली की त्यांना ते सगळं खोटं वाटू लागतं. म्हणून दुसरी बाजूही.

कापसाची एकाधिकार खरेदी नाईकांच्या काळातली. कायदा १९७१ चा, खरेदी १९७२ च्या हंगामापासून. व्यापाऱ्याने शेतकऱ्याला नाडू नये म्हणून सगळा कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा. खामगाव, मलकापूरकडच्या घराघरांत या योजनेच्या आठवणी आहेत. हमीचा भाव मिळायचा हे चांगलं. पण पुढच्या काळात ग्रेडवरून भांडणं, केंद्रापुढे गाड्यांच्या रांगा आणि उशिरा मिळणारे पैसे, हेही शेतकऱ्याने सोसलं. योजना तोट्यात गेली आणि अखेर मोडीत निघाली.

मुंबईत बॅकबे भरावातल्या भूखंडांच्या वाटपावरून सरकारवर टीका झाली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे सिंचन. विदर्भाचा माणूस अकरा वर्षे मुख्यमंत्री होता, तरी १९८४ मध्ये दांडेकर समितीचा अहवाल आला तेव्हा विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष मोठाच निघाला. वेळ मिळाला म्हणून सगळंच होतं असं नाही. मुख्यमंत्री आपल्या भागाचा असला की आपलं भलं होणारच, हा समजही या उदाहरणावरून तपासून घ्यावा.

शेवट

२० फेब्रुवारी १९७५ ला त्यांची कारकीर्द संपली. निवडणुकीत ते हरले नव्हते, विधानसभेत बहुमत होतं. पण पक्षाच्या दिल्लीतल्या श्रेष्ठींना बदल हवा होता. नाईक बाजूला झाले आणि शंकरराव चव्हाण आले. सुरुवातीला आपण पाहिलं की मुख्यमंत्री बहुमतावर टिकतो. कागदावर ते खरंच आहे. प्रत्यक्षात पक्षाच्या वरच्या लोकांची इच्छाही तितकीच चालते, हे पुढच्या अकरा वर्षांत राज्याने पुन:पुन्हा बघितलं. म्हणून नागरिकशास्त्राचा हा धडा शिकवताना नाईकांचा शेवटही सांगावा.

१९७७ मध्ये वाशीम मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. ती निवडणूक काँग्रेसला देशभर जड गेली होती. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचं निधन झालं. वय ६६ वर्षे. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक पुढे १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. २०१३ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, परभणीच्या कृषी विद्यापीठाला वसंतरावांचं नाव देण्यात आलं.

वर्गात काय करता येईल?

पाचवी ते सातवीच्या मुलांना ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ हा काळ मोजायला सांगा. ११ वर्षे ७७ दिवस येतील. मग त्याचे एकूण दिवस काढू द्या. १९६४, १९६८ आणि १९७२ ही लीप वर्षे विसरली नाहीत तर उत्तर ४०९५ येतं. गणिताचा तास आणि इतिहासाचा तास एकाच वेळी होतो.

आठवीच्या वरच्या मुलांना घरी पाठवा. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना बहात्तर सालाबद्दल विचारून यायचं. मिलो खाल्ली होती का? कोणत्या कामावर गेले होते? मजुरी किती मिळायची? गावातला कोणता तलाव किंवा रस्ता त्या कामातून झाला? ती माणसं आता थोडीच उरली आहेत, तेव्हा हे याच वर्षी करा.

पालकहो, आपल्यालाही एक विनंती. मुलाने विचारलं की सर्वाधिक काळ मुख्यमंत्री कोण, तर नाव सांगाच. पण लगेच त्यालाही विचारा, की त्या काळातलं आपल्या गावात आज काय दिसतं? एखादा पाझर तलाव सापडेल, शाळेवरची पाटी सापडेल. आणि गावात पाण्याची सोय आजही नसेल, तर तेही त्याला वहीत लिहू द्या.

कृषी दिनाच्या तयारीसाठी सर्वांना शुभेच्छा. आपल्या शाळेतल्या मुलांनी गोळा केलेल्या आठवणी जपून ठेवा, पुढच्या वर्षीचं भाषण त्यातूनच तयार होईल.